न सांगितलेली खूण

खुनाची बातमी वाचताना एक वाक्य हमखास भेटते : तपासाच्या दृष्टीने याहून अधिक माहिती देता येणार नाही. वाचक चरफडतो. पोलिसांच्या हाती काहीच लागलेले नसावे, अशी शंका त्याला येते. नाहीतर कुणाला तरी पाठीशी घातले जात असावे, असे वाटते. कधीकधी या शंका खऱ्याही ठरतात. पण त्या वाक्यामागे सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अनुभवातून घडलेला एक विचार आहे, आणि तो पाळताना झालेल्या चुकांची किंमत माणसांनी जीव देऊन मोजलेली आहे. त्या विचाराचा आणि त्या चुकांचा हा मागोवा.

माहिती राखून ठेवण्याची कारणे साधारण तीन. पहिले उघड आहे : पोलिसांना काय कळले आहे हे गुन्हेगाराला कळले, तर तो पळेल किंवा पुरावा नष्ट करील. दुसरे साक्षीदारांविषयी आहे. माणसाची स्मृती पाण्यासारखी असते, त्यात जे मिसळाल त्याचा रंग ती घेते. वर्तमानपत्रात 'निळा सदरा' वाचलेल्या साक्षीदाराला दोन दिवसांनी निळाच सदरा आठवू लागतो. तिसरे कारण सर्वांत रंजक आणि सर्वांत कमी बोलले गेलेले. गाजलेल्या प्रत्येक खुनानंतर 'तो मीच केला' असे सांगणारी माणसे पुढे येतात. काही मनाने आजारी असतात, काही प्रसिद्धीची भुकेली, काही मारहाणीला भ्यालेली. त्यांतून खरा कोण, हे ओळखायचे कसे? त्यासाठी घटनास्थळावरची एखादी बारीकशी गोष्ट मुठीत धरून ठेवायची. जो कुणी ती आपणहून सांगेल, तो तिथे होता.

आपल्याला ही रीत अपरिचित नाही. अशोकवनात मारुतीने रामाची अंगठी दाखवली तेव्हाच सीतेला खूण पटली. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने जो तोतया उभा राहिला, त्याची परीक्षाही खऱ्या भाऊलाच ठाऊक असतील अशा खासगी गोष्टी विचारून घेतली गेली. तो तीत उतरला नाही आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. अंगठी असो वा घरगुती आठवण, खुणेचे मोल एकाच गोष्टीत असते : ती बाजारात मिळता कामा नये.

लंडन, १८८८ : खूण बाजारात गेली

लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या १८८८च्या खुनांवर अमाप लिहिले गेले आहे. 'जॅक द रिपर' कोण होता, या कोड्यात आपल्याला इथे शिरायचे नाही. आपला विषय त्या सप्टेंबरमध्ये एका न्यायचौकशीत झालेली बाचाबाची हा आहे.

इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूची जाहीर चौकशी 'कॉरोनर' हा अधिकारी त्या काळी ज्यूरीसमोर करीत असे. मुंबईतही हे पद दीर्घकाळ होते. ८ सप्टेंबरला झालेल्या खुनाच्या चौकशीत पोलीस सर्जन डॉ. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स यांनी १३ तारखेला मृत्यूचे कारण सांगितले आणि शरीरावरच्या पुढच्या जखमांबद्दल बोलण्याची नाखुशी दाखवली. कॉरोनर वाइन बॅक्स्टर यांना हे मान्य नव्हते. १९ तारखेला त्यांनी डॉक्टरांना पुन्हा पाचारण केले. तपशील उघड झाला तर न्यायाच्या कामात बाधा येईल, असा डॉक्टरांचा आक्षेप होता. चौकशी जाहीर आहे आणि पुरावा नोंदला गेलाच पाहिजे, अशी कॉरोनरची बाजू होती. शेवटी स्त्रिया आणि मुले यांना बाहेर काढून डॉक्टरांना सर्व सांगायला लावले गेले. बहुतेक दैनिकांनी त्या साक्षीचा बराच भाग गाळला, पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला.

दोघांचीही बाजू प्रामाणिक होती. मृत्यूची चौकशी बंद दाराआड होऊ लागली तर सत्तेला जाब विचारणार कोण? आणि सगळेच उघड झाले तर खोट्याला खोटे ठरवणार कसे? या दोन प्रश्नांची ओढाताण आजही संपलेली नाही.

लगेच पुढच्याच आठवड्यात पत्रे आली. २७ सप्टेंबरला सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेकडे खुन्याचे म्हणवणारे एक पत्र आले. 'जॅक द रिपर' हे नाव त्यातच प्रथम आढळते. पुढच्या बळीचे कान कापण्याची धमकी त्यात होती. ३० तारखेच्या पहाटे एकाच रात्रीत दोन खून झाले आणि त्यांतल्या एकीच्या कानाचा तुकडा कापला गेलेला आढळला. मग त्याच सहीचे एक पोस्टकार्ड आले, त्यात दुहेरी खुनाचा उल्लेख होता. पण कार्डावर शिक्का होता १ ऑक्टोबरचा, आणि तोवर ती बातमी लंडनभर झाली होती. पोलिसांनी अक्षर कुणी ओळखील या आशेने दोन्हींच्या प्रतिकृती छापून भिंतींवर लावल्या. अक्षर कुणीही ओळखले नाही. उलट त्या शैलीची नक्कल करणारी शेकडो पत्रे पोलिसांवर कोसळली.

१६ ऑक्टोबरला तर व्हाइटचॅपलच्या दक्षता समितीचे अध्यक्ष जॉर्ज लस्क यांना टपालाने एक पेटी आली. तिच्यात मूत्रपिंडाचा अर्धा तुकडा होता. ३० सप्टेंबरच्या एका मृत स्त्रीचे मूत्रपिंड नाहीसे झाले होते, त्यामुळे हाच खरा खुनी, असे अनेकांना वाटले. परंतु मूत्रपिंड गेल्याची साक्ष ४ ऑक्टोबरलाच जाहीर चौकशीत झाली होती आणि छापूनही आली होती. शवविच्छेदनाच्या खोलीत वावर असलेल्या कुणालाही असा तुकडा मिळवणे अवघड नव्हते. ही गोष्ट पोलिसांच्या मुठीत राहिली असती, तर त्या पेटीला प्रचंड अर्थ आला असता. ती बाजारात गेली होती, म्हणून पेटी खरी की खोटी, हा वाद आजतागायत मिटलेला नाही.

नोव्हेंबरमधल्या खुनाच्या वेळी लंबक दुसऱ्या टोकाला गेला. त्या चौकशीचे कॉरोनर वेगळे होते. त्यांनी मृत्यूचे कारण तेवढे नोंदवून काम एका दिवसात आटोपले. त्या वेळच्या वैद्यकीय टिपणांपैकी डॉ. थॉमस बाँड यांचे टिपण १९८७ साली निनावी टपालाने स्कॉटलंड यार्डकडे परत आले, तेव्हा जगाला दिसले. जवळजवळ शंभर वर्षांनी. इतक्या लांबलेल्या मौनाचा तपासाला उपयोग नसतो.

एक शुद्ध उदाहरण

राखून ठेवलेली खूण नेमके काय काम करते, हे १९३२ साली अमेरिकेत झालेल्या लिंडबर्ग प्रकरणात स्वच्छ दिसते. १ मार्चच्या रात्री विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे तान्हे मूल न्यू जर्सीतल्या घरातून पळवले गेले. मागे राहिलेल्या खंडणीच्या चिठ्ठीवर एक विचित्र चिन्ह होते : एकमेकांत गुंतलेली वर्तुळे आणि कागदाला पाडलेली तीन छिद्रे. हे चिन्ह जाहीर केले गेले नाही. त्यानंतर मदतीच्या आणि मध्यस्थीच्या नावाने पत्रांचा पूर आला. जॉन कॉन्डन या निवृत्त शिक्षकाने फोनवर आपल्याला आलेल्या पत्रावरचे चिन्ह सांगितले, तेव्हा त्याचा धागा खऱ्या माणसापर्यंत जातो हे पटले. त्याच सुमारास जॉन कर्टिस नावाचा जहाजबांधणीतला एक गृहस्थ लिंडबर्ग यांना 'टोळी'च्या शोधात समुद्रावर फिरवत होता. त्याच्याकडे ती खूण नव्हती. पुढे त्याची कहाणी बनावट निघाली आणि त्याला शिक्षाही झाली.

पण खूण पटली म्हणून मूल वाचले नाही. २ एप्रिलला ५० हजार डॉलर दिले गेले, १२ मे रोजी मुलाचा मृतदेह घरापासून काही मैलांवर सापडला. ते आधीच मारले गेले होते. खूण खरा माणूस कोण एवढेच सांगते, तो खरे बोलतो आहे की नाही हे सांगत नाही.

खूण आरोपीच्या तोंडी घातली जाते तेव्हा

बाजाराखेरीज खूण फुटण्याची आणखी एक वाट आहे, आणि ती पोलीस ठाण्याच्या आतूनच जाते. ३० नोव्हेंबर १९४९ रोजी टिमथी एव्हान्स नावाचा, जेमतेम लिहिता-वाचता येणारा पंचविशीचा व्हॅनचालक वेल्समधल्या एका पोलीस ठाण्यात गेला आणि बायकोचे प्रेत आपण लंडनच्या घरासमोरच्या गटारात टाकल्याचे त्याने सांगितले. लंडनच्या पोलिसांनी पाहिले, तर गटाराचे झाकण उचलायला तीन माणसे लागली आणि आत काहीच नव्हते. म्हणजे त्याची पहिली कबुली खुणेच्या कसोटीवर साफ नापास झाली. मग त्याने जबाब बदलून खालच्या मजल्यावरच्या जॉन ख्रिस्टीचे नाव घेतले.

२ डिसेंबरला त्या घराच्या, म्हणजे १०, रिलिंग्टन प्लेसच्या, मागच्या धुण्याच्या खोलीत बायको आणि तान्ही मुलगी या दोघींची प्रेते सापडली. त्याच रात्री एव्हान्सला लंडनला आणले गेले. चौकीत दोघींचे कपडे त्याच्यासमोर मांडले गेले. प्रेते कुठे सापडली, लाकडांमागे कशी दडवलेली होती आणि मृत्यू गळा आवळून झाला, हेही त्याला सांगितले गेले. त्यानंतर त्याने कबुली दिली. त्या कबुलीत गळा आवळणे होते, धुण्याची खोली होती, लाकडेही होती. पोलिसांना तोवर ठाऊक असलेल्या गोष्टी तिच्यात बरोबर आल्या, आणि त्या बरोबर आल्या म्हणूनच ती खरी मानली गेली. खटल्यात सरकार पक्षाचा महत्त्वाचा साक्षीदार होता ख्रिस्टी. ९ मार्च १९५० रोजी मुलीच्या खुनाबद्दल एव्हान्सला फाशी झाली.

तीन वर्षांनी, मार्च १९५३मध्ये, त्याच घराच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात भिंतीच्या कागदाआड तीन स्त्रियांची प्रेते सापडली, जमिनीखाली ख्रिस्टीची स्वतःची बायको आणि बागेत आणखी दोघींचे सांगाडे. ख्रिस्टीने एव्हान्सच्या बायकोच्या खुनाचीही कबुली दिली. तो १५ जुलैला फासावर गेला. पुढे न्यायमूर्ती ब्रेबिन यांच्या चौकशीने, ज्या मुलीच्या खुनाबद्दल एव्हान्सला फाशी दिली तो खून बहुधा त्याने केला नव्हता, असा निष्कर्ष काढला आणि ऑक्टोबर १९६६मध्ये त्याला मरणोत्तर माफी मिळाली.

भाषेच्या अभ्यासकांसाठी इथे एक टीप. स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ यान स्वार्टविक यांनी १९६८ साली एव्हान्सच्या जबाबांचा व्याकरणाच्या अंगाने अभ्यास केला. वादग्रस्त भागांतली वाक्यरचना इतर भागांहून वेगळी पडते, हे त्यांनी दाखवले. न्यायवैद्यकासारखे 'न्यायभाषाशास्त्र' म्हणून जे शास्त्र आज ओळखले जाते, त्याचे इंग्रजी नाव या पुस्तिकेपासून रूढ झाले.

आरोपीला गुपित सांगून मग त्याच्याकडून वदवून घेणे, हे विद्यार्थ्याला उत्तरे देऊन मग परीक्षा घेण्यासारखे आहे. गुण पूर्ण मिळतात, ज्ञानाचा पत्ता लागत नाही.

यॉर्कशायर, १९७८ ते १९८० : गुपित असल्याचा भ्रम

उत्तर इंग्लंडमध्ये १९७५पासून स्त्रियांचे खून होत होते. तपासाचे नेतृत्व पश्चिम यॉर्कशायरचे सहायक मुख्य पोलीस अधिकारी जॉर्ज ओल्डफील्ड यांच्याकडे होते. मार्च १९७८मध्ये 'जॅक द रिपर' अशा सहीची दोन पत्रे आली, एक ओल्डफील्ड यांना आणि दुसरे एका दैनिकाला. वर्षभराने तिसरे आले. जून १९७९मध्ये एक ध्वनिफीत आली, तिच्यात ओल्डफील्ड यांना नावाने हाक मारून टोमणे मारणारा एक संथ आवाज होता.

पत्रे खरी मानण्याचे मुख्य कारण आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. पत्रलेखकाने १९७५ साली प्रेस्टन गावी झालेल्या एका खुनावर हक्क सांगितला होता. एका बळीच्या इस्पितळातल्या वास्तव्याचा उल्लेख केला होता. हे फक्त खुन्यालाच ठाऊक असणार, असे तपास अधिकाऱ्यांनी ठरवले. प्रत्यक्षात या गोष्टी वर्तमानपत्रांत येऊन गेल्या होत्या. आपल्या मुठीत खूण आहे असे पोलिसांना वाटत होते, पण मूठ उघडी होती. कोणत्या तारखेला कोणत्या पत्रात काय छापून आले, याचा पक्का ताळा घेतला असता तर हे कळले असते.

याहून ठसठशीत पुरावा पत्रात जे नव्हते त्यात होता. पहिली पत्रे आली तेव्हा एका तरुणीचा जानेवारीतच खून झालेला होता, पण तिचे प्रेत २६ मार्चपर्यंत सापडले नव्हते. खऱ्या खुन्याला तो खून ठाऊक असणारच. पत्रलेखकाच्या हिशेबात तो नव्हता. त्याला तेवढेच ठाऊक होते, जेवढे वर्तमानपत्रांना ठाऊक होते. शेजारच्या नॉर्थम्ब्रिया पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याने या पत्रांची भाषा १८८८च्या पत्रांवरून उचललेली असल्याकडे लक्ष वेधले होते. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी भिंतींवर चिकटवलेली ती प्रतिकृती अजून अनुयायी घडवत होती.

फीत देशभर ऐकवली गेली. लीड्स विद्यापीठातले बोलीभाषांचे अभ्यासक स्टॅन्ली एलिस आणि जॅक विंडसर लुइस यांनी केवळ उच्चारांवरून बोलणाऱ्याचा ठावठिकाणा संडरलंड शहराच्या एका भागापर्यंत आणला. हा माणूस तोतया असू शकेल, असेही या दोघांनी पोलिसांना बजावले. पण खुन्याची बोली ईशान्येकडचीच, हे गृहीत आता पक्के झाले होते. सप्टेंबर १९७९मध्ये संशयितांना वगळण्यासाठी जे निकष फिरवले गेले, त्यांत ही बोली नसणे हाही एक निकष होता.

खरा खुनी पीटर सटक्लिफ हा ब्रॅडफर्डचा ट्रकचालक होता. त्याची बोली यॉर्कशायरची. या तपासात पोलिसांनी त्याची एकूण नऊ वेळा चौकशी केली आणि दर वेळी सोडून दिले. २ जानेवारी १९८१ रोजी शेफिल्डमध्ये खोट्या नंबरपाट्यांवरून तो सापडला. १३ खून आणि ७ खुनाचे प्रयत्न त्याच्यावर शाबीत झाले. त्या १३पैकी ३ खून ध्वनिफीत आल्यानंतरचे होते.

फीत पाठवणारा जॉन हंबल २००५ साली पाकिटाच्या डिंकावरच्या लाळेतल्या डीएनएवरून पकडला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. तो संडरलंडचाच निघाला. भाषेच्या अभ्यासकांचे बोट अचूक जागी होते. सप्टेंबर १९७९मध्ये त्याने स्वतःच निनावी फोन करून फीत बनावट असल्याचे पोलिसांना सांगितले होते. कुणी विश्वास ठेवला नाही. प्रेस्टनचा खून तर तिसऱ्याच माणसाने केला होता, हे २०११ साली डीएनएवरून स्पष्ट झाले. आणि या तपासातल्या चुकांचा सर लॉरेन्स बायफर्ड यांचा अहवाल? १९८१ अखेर तयार झालेला तो अहवाल जनतेला २००६ साली वाचायला मिळाला. पंचवीस वर्षांत त्या गुप्ततेने कोणता तपास राखला? राखली गेली ती अब्रू.

आपल्याकडचे उत्तर

याच प्रश्नाला भारतातल्या कायद्याने एक वेगळे उत्तर दिले आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी घडवलेला १८७२चा भारतीय पुरावा कायदा पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरूच देत नाही. मारहाणीने कबुली काढली जाते, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही पुरते ठाऊक होते. पण कलम २७ने एक फट ठेवली : कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर तिच्याशी स्पष्टपणे जोडलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कलम २३मध्ये कायम आहे.

या कलमाचा दंडक ठरला तो प्रिव्ही कौन्सिलच्या पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात. डिसेंबर १९४६मधला तो निवाडा लिहिला सर जॉन बोमंट यांनी. ते त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांचे उदाहरण वकिलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. 'घराच्या छपरात दडवलेला सुरा मी काढून देतो', असे आरोपी म्हणाला, तर त्यातून सुऱ्याचा शोध लागत नाही, सुरे पूर्वीपासून आहेतच. शोध लागतो तो आरोपीला ती जागा ठाऊक होती, या गोष्टीचा. 'ज्याने मी अमक्याला भोसकले' हे शब्द मात्र पुराव्यात येत नाहीत.

१९६८ साली मुंबईच्या उत्तर उपनगरांत रस्त्याकडेला आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना मारणाऱ्या रामन राघवच्या प्रकरणात याचे महत्त्व दिसते. रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखालच्या त्या तपासात राघवने पोलिसांना बरोबर नेऊन आपण दडवलेली हत्यारे दाखवली. हा माणूस मनाने गंभीर आजारी होता. त्यामुळेच पुढे त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. अशा माणसाच्या नुसत्या शब्दावर कुणी काय विसंबावे? त्याने दाखवलेल्या जागेवर मात्र विसंबता येते.

दोन पद्धतींतला फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या रीतीत खूण पोलिसांना ठाऊक असते आणि जगाला नसते. कलम २७च्या रीतीत ती पोलिसांनाही ठाऊक नसावी लागते. जे पोलिसांना ठाऊकच नाही, ते आरोपीच्या तोंडी घालता येत नाही. म्हणून कागदावर आपली कसोटी अधिक कडक आहे. व्यवहारात ती कशी वाकवली जाते, हे न्यायालयांच्या निकालांतून वारंवार दिसते : वस्तू आधी सापडते, 'शोध' मागाहून लागतो, पंच नेहमीचेच असतात. जागा चारचौघांच्या वावराची असेल किंवा पोलिसांना आधीच ठाऊक असेल, तर अशा शोधाला न्यायालये फारशी किंमत देत नाहीत, ती याच कारणाने.

मौनाचा पंचनामा

दुसरीकडे, अटक होताच आरोपीला बुरखा घालून कॅमेऱ्यांसमोर उभे करणे आणि गुन्ह्याची तपशीलवार कहाणी सांगणे ही आपल्याकडची रीत झाली आहे. केंद्रीय गृहखात्याने एप्रिल २०१०मध्ये पोलिसांच्या माध्यमधोरणाविषयी सूचना काढल्या. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात पोलिसांच्या पत्रकार परिषदांसाठी नवी नियमावली करायला सांगितले. अशा परिषदेत सांगितला जाणारा प्रत्येक तपशील म्हणजे खर्ची पडलेली एक खूण असते. उद्या दुसराच कुणी पुढे येऊन 'मी केले' म्हणाला, तर त्याला पारखायला हाती काही उरत नाही. आज पकडलेला निर्दोष असेल, तर त्यालाही आपण ते जाणत नव्हतो हे दाखवण्याची सोय उरत नाही. राखलेली खूण निरपराधाचेही रक्षण करते, हे आपण सहसा विसरतो.

मात्र मौन सरसकट चांगले, असे या इतिहासातून निघत नाही. खुनी कुठल्या वेळी, कुठल्या भागात, कसा गाठतो, हे लोकांना कळलेच पाहिजे, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. राखायच्या त्या दोन-चार बारीक गोष्टी, ज्यांनी कुणाचे रक्षण होत नाही पण खोट्याची पारख होते. आणि त्याही खटला उभा राहीपर्यंतच.

माझी सूचना साधी आहे. घटनास्थळाचा पंचनामा होतो, तसा राखलेल्या माहितीचाही व्हावा. कुणालाही अटक होण्याआधी, कोणत्या गोष्टी जाहीर करायच्या नाहीत आणि त्या कुणाकुणाला ठाऊक आहेत, याची यादी तारीख घालून, मोहोरबंद करून दंडाधिकाऱ्यांकडे ठेवावी. रोजच्या वर्तमानपत्रांशी तिचा ताळा घ्यावा. आरोपीची चौकशी पहिल्या मिनिटापासून चित्रित व्हावी, म्हणजे खूण त्याने सांगितली की त्याला सांगितली गेली, हे न्यायाधीशांना पाहता येईल. खटल्यात ते पाकीट उघडावे. असे पाकीट असते तर रिलिंग्टन प्लेसची कबुली कोर्टात टिकली नसती आणि संडरलंडची फीत कदाचित केराच्या टोपलीत गेली असती.

'याहून अधिक सांगता येणार नाही' हे वाक्य पुन्हा वाचनात येईल तेव्हा चरफडण्याऐवजी एक प्रश्न विचारावा : जे सांगत नाही आहात, ते कुठे लिहून ठेवले आहे का?